पेटीमास्तरांचं पुस्तक कोण लिहिणार?

लावणी रंगात आली की प्रेक्षकांची नजर घुंगरांवर असते आणि परीक्षकांची अदेवर. पेटीमास्तराची नजर मात्र बाईच्या खांद्यांवर असते. बाई नाचता नाचता गाते आहे, दोन्ही पायांत किलोकिलोंचे घुंगरू आहेत आणि तान अजून संपायची आहे. खांदे जरा वर आले की मास्तर समजतो, छातीतला वारा सरत आला. मग भात्यावरचा त्याचा डावा हात जोर धरतो, उजवा हात सूर भरतो आणि बाई श्वास घेते. समोरच्या माणसाला वाटतं, आवाज कुठे तुटलाच नाही. विंगेत उभं राहिलं की हे कळतं. खुर्चीवर बसून कधीच कळत नाही.

अकलूजला १९९३ साली सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. जयसिंह मोहिते-पाटलांनी ती उभी केली. कलाकेंद्रांच्या थिएटरात अडकलेली लावणी मोठ्या मंचावर आली आणि घरच्या बायकामाणसांसह लोक ती बघायला बसू लागले. बायांना सन्मान मिळाला, बक्षिसं मिळाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्या फोटोंत मागे, अर्धवट कापलेला, पेटीवर वाकलेला एक माणूस दिसतो. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख.

मंचामागची गडबड अशी असते. एक पार्टी उतरते, दुसरी चढते, मध्ये जेमतेम श्वास घेण्याएवढा वेळ. ढोलकीवाला चाट सुराला लावतो आहे, पण रात्रीच्या गारव्यानं कातडं उतरलंय. तबल्यावर हातोडी चालली आहे. पेटी तेवढी लावावी लागत नाही. तिचे सूर पितळेचे, बसवतानाच घासून पक्के केलेले. गुजरातेतलं पालिताणा हे गाव या सुरांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणून सगळा ताफा पेटीला लावून घेतो आणि पट्टीची जबाबदारी मास्तरावर येते. बाईचा घसा बसलेला असला तर काळी पाच सोडून पांढरी चार धरायची, हे मंचावर पाऊल पडण्याआधीच ठरवायचं. तेही पार्टीच्या मालकिणीला न दुखवता.

पितळेचाही भरवसा नसतो. टेम्पोतून धुळीच्या रस्त्यानं आलेल्या पेटीत कण शिरतो, पितळी पट्टीखाली अडकतो आणि नेमका षड्जच मुका होतो. मग मास्तर वरची फळी काढतो, पातळ कागदाचा कपटा पट्टीखालून हलक्या हातानं सरकवतो, एकदा वाजवून बघतो आणि फळी बसवतो. तोपर्यंत निवेदक पुढच्या पार्टीचं नाव घेत असतो. आजकाल पेटीशेजारी विजेवरचा ऑर्गनही असतो. त्याला धुळीची भीती कमी, पण बाईचा श्वास ओळखायला शेवटी मास्तरच लागतो.

मराठी रंगभूमीवरच्या सगळ्या पेटीवाल्यांच्या नशिबी अंधार आला असं मात्र नाही. गोविंदराव टेंबे कोल्हापूरकडचे. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि त्यांत त्यांनी पूरबची ठुमरी-कजरीची गोडी आणली. १२ मार्च १९११ला पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती. प्रयोग रद्द करायला नाटक कंपनी तयार होती, बालगंधर्व नव्हते. त्यांनी नायिका भामिनी उभी केली. प्रेक्षकांनी जे ऐकलं, त्यामागे काय गिळलं होतं, हे साथीला बसलेल्यांना किती जाणवलं असेल! त्याच वर्षी नायक धैर्यधराची भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर वारले आणि पेटीवरचे टेंबे स्वतःच धैर्यधर होऊन उभे राहिले. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्या तीन मालकांपैकी एक टेंबेच.

टेंब्यांचं मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसतं. त्यांनी लिहिलं. १९३९चं ‘माझा संगीत व्यासंग’ हे साथीला बसलेल्या माणसानं कानांनी टिपलेलं पुस्तक आहे. भास्करबुवा, अल्लादियाखाँ ही माणसं त्यात जवळून दिसतात, कारण लिहिणारा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. गंधर्व मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँ असत. त्या तिघांनी टेंब्यांसारखं लिहून ठेवलं असतं, तर बालगंधर्वांच्या गाण्याचं अर्धं रहस्य आज आपल्या हातात असतं.

पेटीला आणखी एक जखम झाली. १ मार्च १९४०पासून आकाशवाणीनं तिला दार बंद केलं. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, वाद्य परदेशी, असे आक्षेप होते. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. या तीन दशकांत पेटी टिकली ती नाटकाच्या ऑर्गनपाशी, भजनात आणि तमाशाच्या फडात. आक्षेपात तथ्य होतं, हे मी मान्य करतो. त्याला उत्तर शोधलं ते एका डॉक्टरनं. विद्याधर ओक हे औषधशास्त्राचे डॉक्टर आणि गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. खुंटी ओढली की बोटाखालची तीच पट्टी दुसरी श्रुती बोलते.

गाणं आणि शरीर यांचं नातं असं जवळचं आहे. १८५४ साली मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकानं आरशानं स्वतःच्या घशात पाहिलं आणि गाताना स्वरतंतू कसे हलतात ते जगाला सांगितलं. घसा तपासण्याची वैद्यकातली पद्धत तिथून रुजली. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधरांनी ‘आवाज साधना शास्त्र’ लिहिलं. सुमती देवस्थळ्यांनी ज्यांचं चरित्र मराठीत आणलं, ते अल्बर्ट श्वाइट्झर चर्चमधल्या ऑर्गनचे नामांकित वादक होते. बाखवर आणि ऑर्गनच्या बांधणीवर त्यांनी लिहिलं, तिशीत वैद्यक शिकायला घेतलं आणि १९१३ साली आफ्रिकेत लांबारेनेला इस्पितळ काढलं. त्या इस्पितळासाठी ते ऑर्गनच्या मैफलींतून पैसा उभा करत. सोलापूरचे अच्युत गोडबोले यांचीच दोन पुस्तकं बघा: सुलभा पिशवीकरांबरोबर रागसंगीतावरचं ‘नादवेध’ आणि डॉ. अमृता देशपांडे यांच्याबरोबर ‘शरीर’. फुप्फुसं, स्वरयंत्र, भाता आणि सूर, सगळं मराठीत आलेलं आहे.

लावणीच्या बायांचंही आलं. भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ २०१४ साली आलं आणि पडद्याआडचं जग, तिथली नाती, तिथला स्वाभिमान वाचकांसमोर उभा राहिला. ते पुस्तक वाचल्यावर मला पेटीमास्तराची उणीव जास्तच भासू लागली. बैठकीच्या कुठल्या लावणीत कुठे थांबायचं, कुठली ओळ किती वेळा फिरवून अदा करायची, जुन्या चाली कुणाकडून आल्या, हे सगळं मास्तरांच्या बोटांत आहे. नव्या मुलीला पहिला सा तेच देतात. ती विसरली तर ओठांतल्या ओठांत शब्दही तेच पुरवतात. लावणीगायिका सत्यभामाबाई पंढरपूरकरांचं पंढरपूर अकलूजहून तासाभरावर, मोडनिंबची कलाकेंद्रं याच सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे ज्यांना विचारायचं ती माणसं आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. वय मात्र कुणासाठी थांबत नाही. भाता ओढून खांदे दुखू लागले की मास्तर फड सोडतात, गावी जातात आणि त्यांच्याबरोबर चालीही जातात.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. अकलूज, माळशिरस, पंढरपूर, मोडनिंब या भागात राहणाऱ्या कुणीही ओळखीच्या पेटीमास्तराकडे जावं, फोन रेकॉर्डिंगवर ठेवावा आणि विचारावं: पहिली पेटी कुठून आणली, कोणत्या बाईची कोणती पट्टी होती, कोणती लावणी आता कुणी गात नाही? त्यांना वाजवायला सांगावं. त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं नाव घालून, तो मजकूर गावच्या वाचनालयात लिहून ठेवावा. हे काम यंदाच सुरू करा.