तीन तासांची मुदत

गेल्या श्रावणात एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास शेजारचे अण्णा मोबाइल घेऊन माझ्या ओसरीवर आले. मागील देयक थकल्यामुळे त्याच रात्री साडेनऊ वाजता त्यांचा वीजपुरवठा खंडित होणार असून, ते टाळावयाचे असल्यास खालील दुव्यावर तत्काळ तेरा रुपये भरावेत, असा हुकूम त्यावर उमटला होता. आणि आयुष्यात कोणाची दमडी न बुडविलेल्या त्या गृहस्थांनी दुवा उघडून कार्डाच्या सोळांपैकी चार आकडे भरलेही होते.

माझी हयात तहसील कचेरीत दस्तऐवज पारखण्यात गेली. खोटा दस्त मजकुरात क्वचितच सापडतो; तो सापडतो घाईत, शिक्क्यात आणि पत्त्यात, हे तेथे शिकलेले सूत्र मी येथेही लावून पाहिले. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 अन्वये किमान 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्यावाचून थकबाकीदाराची वीज तोडता येत नाही. येथे मुदत होती जेमतेम तीन तासांची. संदेशावर कंपनीचे नोंदणीकृत अक्षरी नाव हवे, तेथे दहा आकडी खासगी क्रमांक होता.

राहिला पत्ता, आणि खरी मेख तेथेच असते. टपाल निवडणारा कारकून जसा आधी शेवटची ओळ पाहतो, तसाच संकेतस्थळाचा पत्ताही शेवटाकडून वाचावयाचा असतो: ‘कॉम’ किंवा ‘को.इन’ या शेपटीला डावीकडून लगटून असलेला शब्द हाच खरा मालक, त्याच्याही डावीकडे वाटेल त्याने वाटेल त्याचे नाव लिहावे. अण्णांच्या दुव्यात कंपनीचे नाव प्रारंभीच मिरवत होते, मालक मात्र भलताच होता. शेजारच्या कुलपाच्या चिन्हाने ते आश्वस्त झाले होते. परंतु ते कुलूप वाटेतील गुप्ततेची हमी देते, पलीकडच्या माणसाच्या सचोटीची नव्हे. या गफलतीला आळा बसावा म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक.इन’ने संपणारे पत्ते घेण्यास फर्माविले.

पान मिटवून आम्ही कंपनीचे स्वतःचे अ‍ॅप उघडले. देयक आठवड्यापूर्वीच जमा झाले होते. पैसे गेलेच असते, तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर आणि बँकेकडे वर्दी द्यावी लागली असती, कारण चोरीची रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधीच गोठविणे शक्य असते.

कचेरीत नवशिक्या कारकुनास आम्ही जे सांगत असू, तेच वाचकांस सांगतो: जो कागद वाचावयास उसंत देत नाही, त्यावर सही करू नये.