अनवाणी पायांवरचा आळ

फिफाने अनवाणी खेळायला मनाई केली म्हणून भारत १९५० च्या ब्राझील विश्वचषकाला मुकला, ही दंतकथा आता पुरे. कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ती निव्वळ सबब ठरवली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी भिडले. दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना १-२ असा निसटला. पैसा नव्हता, असे कुणी म्हणेल. पण प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार होते. प्रवास लांबचा होता, हे खरे. तरी दोनच वर्षांनी संघ हेलसिंकीला गेलाच, कारण भारतीय फुटबॉल महासंघाला ऑलिंपिकच मोठे वाटे. चूक तिथे झाली. त्यानंतर भारताचा पुरुष संघ विश्वचषकासाठी एकदाही पात्र ठरलेला नाही.