डावा हात खोटं बोलतो!

दिवाळीत नायगावला गेले होते. ताईला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, सारखी चक्कर येई, भांडी घासताना डावा हात भरून येई. वय 29. घरचं निदान तयार होतं: अशक्तपणा! दवाखान्यात नर्सबाईंनी डावं मनगट तीनदा चाचपलं. "हिची नाडीच लागंना की!" आम्ही दोघी खुदकन हसलो. मग उजव्या हातापेक्षा डाव्याचं बीपी 40 ने कमी निघालं आणि हसू पळालं. नांदेडला स्कॅन झाला. आजाराचं नाव ताकायासू.

मला तर ते बाइकचं मॉडेल वाटलं! 1908 साली मिकिटो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने एका तरुणीच्या डोळ्यांतल्या विचित्र रक्तवाहिन्यांची नोंद केली, त्यावरून हे नाव. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच मोठ्या धमन्यांवर उलटते. भिंती सुजतात, वाट अरुंद होते. बहुतेक पेशंट चाळिशीच्या आतल्या बायका. म्हणजे आपणच की!

अशा अरुंद वाटेत रक्ताची गुठळी धरू शकते. मेंदूचा रक्तपुरवठा अडला तर थेट पक्षाघात. म्हणून ताईला रोज 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, शिवाय स्टिरॉइड आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट.

स्टिरॉइडने चेहरा फुगला. एका लग्नात कुणीतरी "गुबगुबीत झालीस गं" म्हणालं, झालं! बाईसाहेबांनी बाकीच्या गोळ्या गुपचूप बंद केल्या, अ‍ॅस्पिरिन तेवढी ठेवली. 'रक्त पातळ होतंय ना, बास!' काही आठवड्यांनी फोनवर बोलताना तिचे शब्द अचानक लडबडले. दहा मिनिटांत सगळं नॉर्मल, पण ती दहा मिनिटं मी पुण्यात आणि ती नायगावात. अजून अंगावर काटा येतो.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावलं. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, पण भिंतीची सूज तिच्याने उतरत नाही. सूज राहिली की गुठळीचं मूळ राहिलं. तुर्कस्तानच्या हुलुसी बेहचेत यांनी 1937 मध्ये वर्णन केलेल्या आजारातही हेच: पायाच्या शिरेत गुठळी झाली तरी मुख्य भर सूज दाबण्यावर. आणि स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरच ते हळूहळू उतरवतात. इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या गुठळीचा धोका वाढवतात, त्याही विचारल्याशिवाय नकोत.

परवा ताई पुण्याला आली होती. आमच्या सोसायटीच्या हेल्थ कॅम्पमधल्या मुलाने बीपीचा पट्टा तिच्या डाव्या दंडाला लावायला घेतला.

"उजवा घ्या," ती म्हणाली. "डावा खोटं बोलतो."