जुन्या गाडीखाली तेलाचा डाग? दाट ऑइल घालण्याआधी हे वाचा

देवगड : पावसाळा सरत आला, गणपतीचे दिवस जवळ आले की कोकणातल्या खळ्यांत आणि मांगरांत ताडपत्रीखाली झाकलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. बॅटरी जोडली जाते, टायरमध्ये हवा भरली जाते आणि गाडी पुढे घेतल्यावर जमिनीवर काळा, चिकट डाग दिसतो. त्यावर बहुतेकांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो : ‘ऑइल पातळ आहे, दाट घाला. गळती थांबेल.’

हा सल्ला स्वस्त वाटतो, पण पुढे इंजिनाच्या खर्चात पाडू शकतो. कोणते ऑइल घालायचे आणि गळती कुठून होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ झाली की गळती तशीच राहते आणि इंजिन झिजते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत पाहू.

कोणत्या गाड्यांचा विषय आहे?

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजेच सगळ्यांच्या ‘फियाट’चा. १,०८९ सीसीचे इंजिन असलेल्या या गाडीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबले. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटल्या. खासगी पद्मिनी मात्र आजही हौसेने जपल्या जातात.

दुसरा गट ब्रिटिश वळणाच्या गाड्यांचा. मुंबईतल्या व्हिंटेज रॅलींमध्ये दिसणाऱ्या एमजीसारख्या स्पोर्ट्स कार आणि ट्रायम्फच्या आराखड्यावर चेन्नईत बनलेली स्टँडर्ड हेराल्ड या गटात येतात.

तिसरी गाडी आपल्या शेजारची. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली. तिच्यात रेनॉचे १,१४९ सीसीचे इंजिन आहे.

हे तिन्ही गट वेगवेगळ्या काळातले आहेत. त्यामुळे त्यांना एकच ऑइल चालेल असे नाही.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

‘२०डब्ल्यू-५०’ किंवा ‘१०डब्ल्यू-४०’ हे एसएई ग्रेड आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते दाखवतो. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑइलचा दाटपणा किती उरतो ते दाखवतो.

२०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते. देवगडला पारा अधिक १५ अंशांच्या खालीही क्वचितच जातो. म्हणून किनारपट्टीवरच्या जुन्या गाडीसाठी पहिल्या आकड्याची फार काळजी करण्याचे कारण नाही. महत्त्वाचा आहे दुसरा आकडा. नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाट चढताना इंजिनावर ताण येतो, ऑइल तापते आणि पातळ होते. त्या वेळी बेअरिंगवर तेलाचा थर टिकला पाहिजे.

मग सगळ्यांनी ५० ग्रेडच वापरावे का? नाही. बेअरिंगमधल्या फटी किती आहेत, यावर ग्रेड ठरतो. जुन्या इंजिनांत या फटी मोठ्या असतात, नव्या धाटणीच्या इंजिनांत बारीक. बारीक फटींत गरजेपेक्षा दाट ऑइल वेळेवर पोहोचत नाही.

‘एपीआय’ची अक्षरे का पाहायची?

डब्यावर ‘एपीआय’च्या पुढे एसजे, एसएल, एसएन, एसपी अशी अक्षरे असतात. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांची आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनांची. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितकी श्रेणी नवी. एसएल २००१ची, तर एसपी २०२०ची.

नवे म्हणजे नेहमी चांगले, हा नियम इथे पूर्ण लागू होत नाही. पद्मिनी किंवा एमजीच्या इंजिनात कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरते. ही घासण सोसण्यासाठी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेले ‘झेडडीडीपी’ हे रसायन असते. नव्या गाड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसमुळे खराब होतो, म्हणून ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. ही मर्यादा ४० आणि ५० ग्रेडना त्याच प्रकारे लागू नाही. त्यामुळे जुन्या इंजिनासाठी ५डब्ल्यू-३० टाळावे, हे दोन्ही बाजूंनी खरे ठरते. ते पातळही आहे आणि टॅपेटसाठी अपुरेही पडू शकते.

मग कोणते ऑइल घ्यावे?

• पद्मिनी, हेराल्ड, जुनी एमजी : चांगल्या कंपनीचे २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल. जुन्या मॅन्युअलमध्ये नुसते ‘एसएई ३०’ किंवा ‘एसएई ४०’ लिहिलेले असू शकते. ते मल्टिग्रेड ऑइल सर्रास वापरात येण्यापूर्वीचे सल्ले आहेत.

• सॅन स्टॉर्म : मॅन्युअलमधला ग्रेड पाळावा. हे इंजिन नव्या धाटणीचे असल्याने २०डब्ल्यू-५० सवयीने ओतू नये.

• डिझेलचे १५डब्ल्यू-४० : देवगड हे मच्छीमार बंदर. ट्रॉलर आणि टेम्पोंमुळे हे ऑइल सहज मिळते. डब्यावर ‘सीआय-४/एसएल’ अशी दोन्ही श्रेणींची नोंद असेल, तर अडीअडचणीला ते जुन्या पेट्रोल इंजिनात चालते. फक्त डिझेलची श्रेणी असेल, तर टाळलेले बरे.

• सिंथेटिक : ‘सिंथेटिकने गळती होते’ ही समजूत अर्धवट खरी आहे. आजची सिंथेटिक ऑइल सील खात नाहीत. पण जुन्या इंजिनात साचलेला गाळ त्यातल्या डिटर्जंटमुळे सुटतो. त्या गाळाने बुजलेली जुनी गळती मग उघडी पडते.

दाट ऑइलने गळती का थांबत नाही?

गाडी उभी असताना दाट ऑइल थोडे हळू झिरपते, एवढाच फरक पडतो. इंजिन तापले की तेही पातळ होते आणि कडक झालेल्या सीलमधून किंवा फाटलेल्या पॅकिंगमधून बाहेर येतेच. उलट सकाळी इंजिन सुरू करताना दाट ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचते. तेवढा वेळ धातू धातूवर घासतो.

गळती किरकोळ समजू नये. मिनिटाला एक थेंब आणि १ मिलिलिटरमध्ये साधारण २५ थेंब धरले, तर दिवसाला सुमारे ५८ मिलिलिटर तेल जाते. अडीच आठवड्यांत एक लिटर! चेंबरमध्ये मुळात मोजकेच लिटर असताना एक लिटर कमी होणे इंजिनाला परवडणारे नाही.

गळती नेमकी कशी शोधायची?

१. आधी द्रव ओळखा. गाडीखाली रात्रभर जुना पुठ्ठा ठेवा. काळे-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल. हिरवट आणि चिकट असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ द्रव दिसला, तर तो ब्रेक ऑइल असू शकतो. अशी गाडी अजिबात चालवू नका.

२. इंजिन थंड असताना धुऊन कोरडे करा. डिग्रीझर वापरा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर प्लास्टिकने झाका.

३. संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. १०-१५ किलोमीटर चालवून आणा. पावडर जिथे ओली, तिथून सुरुवात.

४. वरून खाली आणि पुढून मागे पाहा. तेल उताराने खाली येते आणि वाऱ्याने मागे जाते. थेंब जिथे पडतो, तिथे गळती असतेच असे नाही. सर्वांत वरची आणि पुढची ओली जागा शोधा.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोड्या लावा आणि चाकांना दगड द्या.

नेहमीची ठिकाणे कोणती?

टॅपेट कव्हर : कॉर्कचे पॅकिंग वाळते. नट जास्त आवळले की पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. कड सपाट करून नवे पॅकिंग बसवावे. इथले तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर धूर आणि आगीचा धोका असतो.

चेंबरचा ड्रेन प्लग : तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर प्रत्येक वेळी नवा घाला. सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच.

मेकॅनिकल पेट्रोल पंप : बुडाचे पॅकिंग गळते. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. गेजवर ऑइल वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नका.

पुढचे क्रँक सील : टायमिंग बेल्टच्या इंजिनात इथली गळती गंभीर समजावी. तेलाने भिजलेला बेल्ट लवकर निकामी होतो.

मागचे सील : इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल येते, क्लच सुटू लागतो. यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुन्या एमजीसारख्या काही गाड्यांत मागे रबरी सीलच नसते. शाफ्टवरच्या आट्या तेल परत आत ढकलतात. अशा गाड्यांत काही थेंब पडणे हे रचनेचाच भाग आहे.

सिलिकॉन सीलंटचा जाड थर देणे टाळा. आत सुटलेले तुकडे चेंबरच्या जाळीत अडकले तर ऑइलचा पुरवठाच तुटतो.

पॅकिंग बदलूनही गळती परत आली तर?

ब्रीदर तपासा. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमी खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्याची वाट म्हणजे ब्रीदरचा पाइप. तो गाळाने बुजला की आत दाब वाढतो आणि मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर पडते. पाइप आणि जाळी साफ करणे हे तासाभराचे काम आहे. त्यानंतरही इंजिन सुरू असताना ऑइलच्या झाकणातून धुराचे फुत्कार येत असतील, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. कदाचित रिंगा झिजल्या आहेत.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना

ऑइल गाडी उभी करण्याआधी बदला. वापरलेल्या ऑइलमधले आम्ल आणि ओलावा चार महिने बेअरिंगला लागून राहतात. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन सुरू करण्याने फायदा कमी आणि तोटा जास्त. ऑइल तापतच नाही, आत पाणी साचते आणि झाकणाखाली पांढरट साय धरते. शक्य असेल तेव्हा उघाडीत अर्धा तास गाडी फिरवून आणा.

काढलेल्या ऑइलचे काय?

आपल्याकडचा जांभा सच्छिद्र आहे. खळ्यात सांडलेले तेल मुरते, पाटातून वाहून गेलेले खाडीत जाते. घराशेजारी विहीर असेल तर धोका थेट आपल्यालाच. वापरलेले ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांत येते आणि १ एप्रिल २०२४पासून ते गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे माल देणाऱ्या गॅरेजला द्या. कुंपणाच्या खांबांना लावणे, वाळवीवर ओतणे किंवा कलमांच्या बागेत जाळणे टाळा.

थोडक्यात, खर्चाचा क्रम

आधी ड्रेन प्लगचा वायसर आणि ब्रीदर, मग टॅपेट कव्हर आणि पंपाचे पॅकिंग, त्यानंतर पुढचे सील. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्या, आणि तो उतरवलाच तर क्लच प्लेटही तपासून घ्या. तोवर प्रत्येक प्रवासाआधी गाडी सपाट जागी उभी करून गेज पाहा. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत पेटला, तर घाटाचा माथा गाठण्याची वाट न पाहता बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा.