ब्रह्मपुत्राच्या काठाने आठ दिवस

आसामला जाऊन आलेल्या गृहस्थाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो, "गेंडा दिसला का?" तो 'हो' म्हणाला की आपले समाधान होते, त्याचेही झालेलेच असते. दोन दिवस काझीरंगा, एक सकाळ कामाख्या, चहाची दोन पुडकी, की आसाम संपला! असा प्रवास वाईट असतो असे नव्हे, पण तो अपुरा राहतो. आणि पुष्कळदा त्याचे कारण सवड कमी पडली हे नसून आखणी चुकली हे असते.

नकाशा समोर ठेवला की पहिल्याने डोळ्यांत भरतो तो ब्रह्मपुत्र. आपण सवयीने नदी म्हणतो. पण तो पुत्र, म्हणून नद. तिथली शेती, धर्म, राज्ये, जनावरे सारी त्याच्या पाण्याने घडवली. तेव्हा आपणही त्याचाच काठ धरावा. गुवाहाटीस उतरावे, प्रवाहाच्या उलट पूर्वेकडे जावे आणि जोरहाटहून परतावे. दोन्हीकडे विमानतळ आहे. गेलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

काळ हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंतचा. पावसाळ्यात काझीरंगा बंद असते. अरण्यातले उंच गवत हिवाळ्यात ठरवून जाळतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये नजर दूरवर पोचते. एप्रिलच्या मध्यास गेलात तर रोंगाली बिहूचे ढोल ऐकू येतील. आणखी एक ध्यानात ठेवा : तिकडे सूर्य लवकर उगवतो आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळतोही. पुण्या-मुंबईच्या सवयीने नऊला निघणाऱ्याचा अर्धा दिवस वाया गेला म्हणून समजा.

पहिले दोन दिवस गुवाहाटीस द्यावेत. नीलाचलावरच्या कामाख्येचे दर्शन घ्यावे. आजचे मंदिर १५६५ साली कोच राजांनी पुन्हा उभारलेले आहे. दुसऱ्या दिवशी सुआलकुचीला जावे. इथे घरोघरी माग चालतात. सोनेरी मुगा रेशमाचा किडा घरात पाळता येत नाही, तो उघड्यावरच्या झाडांवर वाढतो. मेखला-चादरीची किंमत ऐकून भुवया उंचावण्यापूर्वी एवढे आठवावे.

गुवाहाटीजवळच सराईघाट आहे. १६७१ साली इथे लाचित बरफुकनाने मोगलांच्या आरमाराचा पराभव केला. मोगलांचा सेनापती कोण होता? मिर्झाराजे जयसिंहांचा पुत्र रामसिंह! आग्र्यास शिवाजीमहाराजांना जामीन राहिलेला तोच हा रामसिंह. महाराज निसटले, त्याच्यावर बादशहाची गैरमर्जी झाली, आणि पुढे त्याची रवानगी आसामात झाली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला लाचितच्या नावाचे पदक देतात, हे पुणेकरांना तरी ठाऊक असावे.

तिसऱ्या दिवशी काझीरंगा. मोटारीने चार-पाच तासांची वाट आहे. दोन रात्री राहावे, आणि कोहोरा व बागोरी या दोन्ही विभागांत फिरावे. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे मोजकेच गेंडे उरले होते. १९०८ साली जंगल राखीव झाले, १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०२२ च्या गणतीत २,६१३ गेंडे भरले. पण गेंडा पाहून झाल्यावर त्याच्या पायाखालची जमीनही पाहा. दरवर्षी नदाचा पूर या अरण्यात शिरतो, गाळ टाकतो, तळी भरतो, पाणवनस्पती वाहून नेतो. पूर नसता तर गवताच्या जागी हळूहळू झाडी माजली असती आणि गेंड्याचे चरण्याचे रान गेले असते. मात्र पाणी फार चढले की जनावरे दक्षिणेच्या कार्बी टेकड्यांकडे धावतात, आणि मध्ये आडवा येतो तो हमरस्ता. त्या रस्त्यावर गाडी हळू हाकायला चालकाला सांगणे, हेही यात्रेकरूचे कर्तव्यच आहे.

पाचव्या दिवशी जोरहाटजवळचे होलोंगापार अरण्य पाहावे. भारतातला एकमेव बिनशेपटीचा वानर, हुलॉक गिबन, इथे पहाटे ओरडताना ऐकू येतो. तो झाडाच्या शेंड्यांवरूनच ये-जा करतो. या अरण्यातून रेल्वेचे रूळ गेले आणि त्याचे घर दुभंगले.

सहावा-सातवा दिवस माजुलीचा. निमाती घाटावरून नावेने जावे आणि मुक्काम करावा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला माजुली भेटत नाही. शंकरदेवांनी (१४४९–१५६८) आसामला नामघर दिले, नाटक दिले. आपल्या एकनाथांप्रमाणेच त्यांनीही भागवत लोकांच्या भाषेत आणले. त्यांच्या पंथाचे मठ म्हणजे सत्रे. औनिआटी, कमलाबारी इथे ब्रह्मचारी भकत राहतात. ज्या सत्रीय नृत्याला २००० साली शास्त्रीय म्हणून मान्यता मिळाली ते इथे रंगमंचाची कला नसून नित्याची उपासना आहे. सामगुरी सत्रात बांबू, कापड, माती आणि शेण यांचे मुखवटे घडतात. नामघरात जोडे बाहेर काढून, परवानगी विचारून जावे, आणि छायाचित्राची घाई करू नये.

आणि इथेच नदाचे दुसरे रूप दिसते. जो पूर काझीरंग्याला जगवतो, तोच माजुलीला खातो. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने डोंगर ढासळले, गाळाने पात्र उंचावले, आणि काठ अधिकच तुटू लागले. बेट पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी उरले आहे. कित्येक सत्रांना आपले ग्रंथ आणि देव घेऊन बेट सोडावे लागले. तेव्हा पूर अडवावा की येऊ द्यावा? अरण्य एक उत्तर देते, बेट दुसरे. दोन्ही जागा पाहिलेल्यालाच या प्रश्नाची अडचण उमगते.

आठव्या दिवशी शिवसागर. १२२८ पासून १८२६ पर्यंत, जवळजवळ सहाशे वर्षे आहोमांनी राज्य केले. त्यांचे रंगघर, तलातल घर आणि शिवदोल पाहावे. जवळच चराईदेवला राजांच्या समाध्या आहेत. २०२४ साली त्यांची जागतिक वारशात गणना झाली.

श्रोतेहो, हे वेळापत्रक म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. दिवस थोडे असतील तर शिवसागर गाळा, खरेदी गाळा. पण माजुली आणि काझीरंगा यांची जोडी मोडू नका. मग परतल्यावर कोणी "गेंडा दिसला का?" असे विचारले, तर खुशाल "दिसला" म्हणा, आणि त्याला बसवून घेऊन नदाची गोष्ट सांगा.