विश्लेषण : न्यूझीलंडवासीयांना ‘किवी’ का म्हणतात? उडता न येणारा पक्षी देशाची ओळख कसा बनला?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटची चर्चा रंगली की ऑस्ट्रेलियाचा संघ ‘कांगारू’ होतो आणि न्यूझीलंडचा ‘किवी’. याच मैदानाच्या परंपरेतले अजित वाडेकर यांनी कसोटीतील आपले एकमेव शतक (१४३) किवींविरुद्धच १९६८ मध्ये वेलिंग्टनला झळकावले. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. मात्र, दादरच्या बाजारात ‘किवी’ मागितला तर हाती फळ येते. मग मूळ किवी कोणता?

किवी पक्षी कसा असतो?

मूळ किवी हा पक्षी. तो फक्त न्यूझीलंडमध्ये आढळतो. त्याच्या पाच प्रजाती आहेत. पंख अगदी नावापुरते, शेपटी नाही आणि पिसे केसांसारखी. तो निशाचर असून, चोचीच्या टोकाशी असलेल्या नाकपुड्यांनी वास घेत जमिनीतले किडे शोधतो. मादीचे अंडे तिच्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के भरते. ‘किवी’ हे नाव तेथील मूळ रहिवासी माओरींच्या भाषेतले असून, ते त्याच्या आवाजावरून पडले असे मानले जाते.

माणसांना हे नाव कसे मिळाले?

न्यूझीलंडच्या काही लष्करी तुकड्यांच्या बिल्ल्यांवर १९व्या शतकाच्या उत्तरार्धातच किवी दिसू लागला होता. पुढे १९०६ मध्ये विल्यम रॅमसे यांनी मेलबर्नमध्ये बुटाचे पॉलिश बाजारात आणले. त्यांची पत्नी न्यूझीलंडची, म्हणून पॉलिशचे नाव ‘किवी’ ठेवले गेले. पहिल्या महायुद्धात हे पॉलिश सैनिकांमध्ये लोकप्रिय झाले आणि याच काळात न्यूझीलंडच्या सैनिकांसाठी ‘किवी’ हे टोपणनाव रूढ झाले. मायदेशी परतण्याची वाट पाहणाऱ्या या सैनिकांनी १९१९ मध्ये इंग्लंडमधील बुलफर्ड येथे टेकडीवर खडूच्या खडकात कोरलेला भलामोठा किवी आजही आहे.

फळाचा संबंध काय?

हे फळ मूळचे चीनचे. त्याचे बी १९०४ मध्ये न्यूझीलंडला गेले. ‘चायनीज गूजबेरी’ या नावाने ओळखले जाणारे हे फळ अमेरिकेत खपावे म्हणून निर्यातदारांनी १९५९ मध्ये त्याला ‘किवीफ्रूट’ हे नाव दिले. न्यूझीलंडमध्ये आजही फळाला नुसते ‘किवी’ म्हणत नाहीत. तेथे किवी म्हणजे पक्षी किंवा माणूस.

हे नाव अपमानास्पद आहे का?

नाही. न्यूझीलंडवासी स्वतःच ते अभिमानाने मिरवतात. शिवाय ते वंशावर ठरत नाही. मुंबईत जन्मलेला एजाज पटेल आठव्या वर्षी कुटुंबासह तिकडे गेला आणि ‘किवी’ झाला. याच एजाजने डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर भारताचे एका डावातील दहाही बळी टिपले, तर २०२४ मध्ये तिथेच ११ बळी घेत न्यूझीलंडच्या ३-० अशा मालिका विजयावर शिक्कामोर्तब केले.

खऱ्या किवीची स्थिती काय?

नाव जगभर पोहोचले, पक्षी मात्र संकटात आहे. त्याची संख्या आता ७० हजारांच्या आसपास आहे. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर सस्तन प्राणी नव्हतेच. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याला त्यांचे भय नव्हते. माणसाबरोबर कुत्री, मांजरे आली. सशांना आवर घालण्यासाठी १८८० च्या दशकात मुंगसासारखा दिसणारा स्टोट आणला गेला. तो सशांबरोबर किवीच्या पिलांवरही तुटून पडला. संरक्षण नसलेल्या जंगलांत सुमारे ९५ टक्के पिले मोठी होण्यापूर्वीच मरतात.

जिथे स्टोटसाठी सापळे लावले जातात, तिथे मात्र किवी तग धरतो. वेलिंग्टनलगतच्या टेकड्यांवरून तो शतकाहून अधिक काळ नाहीसा झाला होता. जमीनमालक, माओरी समुदाय आणि स्वयंसेवकांच्या साथीने तेथे हजारो सापळे लावल्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये किवी पुन्हा सोडण्यात आले. पुढच्याच वर्षी तेथे पिले जन्मली. ज्याचे नाव लावले, त्याला जगवण्याची जबाबदारी आता ‘किवी’ माणसांनीच उचलली आहे.