कोटणीस उत्तर देऊ लागले तर...

सोलापूर हे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे जन्मगाव. येथील त्यांच्या घरी आज स्मारक आहे. कल्पना करा, तिथल्या पडद्यावर कोटणीस उभे आहेत आणि सहलीला आलेल्या मुलांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देत आहेत. संगणकाने घडवलेले असे पात्र खरे केव्हा वाटेल?

चेहरा हुबेहूब हवा, हे उत्तर पहिल्यांदा सुचते. पण १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’त व्ही. शांतारामांनी ही भूमिका केली, ती चेहरा वेगळा असूनच. मात्र नटाचे संवाद आधी लिहिलेले असतात. आभासी पात्राला कोण काय विचारील, याचा नेम नसतो. त्याला संवादांपेक्षा स्मृती लागते.

स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये संगणकात २५ पात्रांचे एक छोटे गाव वसवले. पात्राला जे दिसे, ऐकू येई, ते साध्या वाक्यांत वेळेसह नोंदले जाई. बोलायची वेळ आली, की ताज्या, महत्त्वाच्या आणि प्रसंगाला लागू पडणाऱ्या नोंदी निवडल्या जात आणि त्यांवरून चॅटजीपीटीमागचे भाषा-प्रारूप उत्तर रची. एका पात्राच्या मनात मेजवानी देण्याची इच्छा पेरली, तर निमंत्रण तोंडोतोंडी पसरले आणि पाच जण वेळेवर हजर झाले!

पण एक गंमतही झाली. अ‍ॅडम स्मिथ नावाच्या शेजाऱ्याबद्दल एका पात्राने सांगितले, की त्याने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ लिहिले आहे. तो ग्रंथ अठराव्या शतकातल्या त्याच नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा. पात्राच्या स्मृतीत नसलेली माहिती भाषा-प्रारूपाने आपल्या पदरची घातली होती.

गावात ही गंमत ठरली. स्मारकात ती इतिहासाची मोडतोड ठरेल. नाझी छळछावणीतून वाचलेले पिंकस गुटर प्रश्नांना पडद्यावरून उत्तरे देतात. पण ती त्यांनीच हयातीत कॅमेऱ्यांपुढे दिलेली आहेत. संगणक फक्त योग्य उत्तर शोधतो. कोटणीसांच्या बाबतीत तशी सोय नाही. त्यामुळे त्यांचे प्रत्येक वाक्य एखाद्या पत्राशी, नोंदीशी किंवा आठवणीशी बांधलेले हवे. जिथे आधार नाही, तिथे पात्राला ‘ठाऊक नाही’ म्हणता आले पाहिजे.

कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. एखाद्या मुलाने विचारले, “स्वातंत्र्याचा दिवस कसा होता?” तर भाषा-प्रारूप १५ ऑगस्टचे सुरेख वर्णन सहज करील. ते वर्णन ज्या क्षणी सुरू होईल, त्या क्षणी पडद्यावरचे कोटणीस खोटे ठरतील. खऱ्याच्या जवळ जाणारे पात्र क्षणभर थांबेल आणि उलट त्या मुलालाच विचारील, “मिळालं का स्वातंत्र्य?”